वरून परत पाठवलं, म्हणून गोळ्या बंद?

परवा बिडकीनकडची एक लेक वडिलांच्या रिपोर्टची पिशवी घेऊन आली. वडील 58 वर्षांचे. महिन्यापूर्वी झटका आला आणि दवाखान्यात पोचताच हृदय थांबलं. छाती दाबून, शॉक देऊन ते चालू केलं, स्टेंट बसवला. घरी आल्यावर ते सांगू लागले, "न्यायला दोघं आले होते. वहीत माझं नाव सापडलं नाही, मग परत धाडलं." पोरं हसली, आजीने नारळ फोडला आणि वडिलांनी गोळ्या बंद केल्या. म्हणे, ज्यानं धाडलं तोच बघील. "डॉक्टर, हे देवाचं की डोक्याचं?" लेकीने विचारलं.

तुमच्या घरात असं कुणी बोललं तर आधी एवढं धरून चला, की माणूस खोटं बोलत नाही आणि त्याला वेडही लागलेलं नाही. बंगळुरूच्या निम्हान्समधल्या सतवंत पसरीचा यांनी इयान स्टीव्हन्सन यांच्यासोबत 1986 साली भारतातल्या अशा 16 जणांची हकीकत छापली. त्यातही यमदूत आहेत, वही आहे, चुकीचा माणूस आणल्याचं लक्षात येणं आहे. पाश्चात्त्य रुग्ण बोगदा आणि प्रकाश सांगतात. लहानपणापासून जे कानावर पडलं, त्याचेच रंग मेंदू वापरतो, असं मला यावरून वाटतं.

हृदय थांबलं की दहा-वीस सेकंदांत शुद्ध हरपते, पण मेंदू लगेच मरत नाही. मिशिगन विद्यापीठात 2023 साली चार मरणासन्न रुग्णांच्या मेंदूची नोंद तपासली. व्हेंटिलेटर काढल्यावर दोघांच्या मेंदूत वेगवान लहरी उसळलेल्या दिसल्या. त्यांना काय दिसलं, हे सांगायला ते राहिले नाहीत. उलट हॉलंडमध्ये हृदय थांबून वाचलेल्या 344 जणांपैकी 62 जणांनाच असा अनुभव आठवत होता. प्राणवायू तर सगळ्यांनाच कमी पडला होता. म्हणजे नुसतं तेवढ्यावर उत्तर संपत नाही. अनुभव शरीरातच उठतो, असं माझं मत आहे. त्याचा अर्थ काय लावायचा, हे त्या माणसाचं आहे. तिथे मी हात घालत नाही.

मरणाच्या दारातून परत येण्याची गोष्ट आपल्या मुलखाला परकी नाही. पैठण तालुक्यातल्या धूपखेड्याच्या चांद पाटलांबरोबर साईबाबा शिर्डीला आले, असं सांगतात. त्याच शिर्डीत 1886 साली बाबा तीन दिवस निश्चेष्ट होते, लोक दफनाची तयारी करत होते आणि त्यांचे भक्त म्हाळसापती त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिले, अशी भक्तांची आठवण आहे. त्यावर वैद्यकीय निकाल मी देणार नाही. पण आज कुणी निपचित पडलं आणि श्वास नीट चालत नसेल, तर नुसतं बसून राहू नका. 108 ला फोन लावा, छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहा. चार-पाच मिनिटांनंतर मेंदूला कायमची इजा होऊ लागते.

आणि स्टेंटनंतरच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने थांबवल्या, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन पुन्हा झटका येऊ शकतो. झोप उडाली, दचकून उठणं, रडू येणं सुरू झालं तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. घाटी रुग्णालयातही ती सोय आहे.

त्या लेकीला म्हटलं, आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बस. ते दोघं कसे दिसत होते, वही कशी होती, सगळं विचार. मध्ये तोडू नको. बोलणं झालं की पाण्याचा तांब्या आणि गोळ्यांची डबी पुढे कर.