न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी

वऱ्हाडातील भातकुलीसारख्या तालुक्यात शेताच्या धुऱ्यावरून तंटा उद्भवला, तर प्रथम गावातील चार जाणती माणसे तो मिटवू पाहतात. तेथे समेट न झाल्यास तो न्यायालयात जातो, आणि कधी कधी अपिलात थेट नागपूरच्या खंडपीठापर्यंत पोहोचतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या या खंडपीठाशी ज्यांचे नाव आदराने जोडले जाते, त्यांत न्यायमूर्ती चंद्रशेखर शंकर धर्माधिकारी हे एक होत.

त्यांचा जन्म २० नोव्हेंबर १९२७ रोजी रायपूर येथे झाला. त्यांचे वडील दादा धर्माधिकारी हे गांधीविचाराचे थोर भाष्यकार व घटनासमितीचे सदस्य होते. अशा घरात देशसेवेचे संस्कार निराळे द्यावे लागत नाहीत. १९४२ साली ‘छोडो भारत’ चळवळ सुरू झाली, तेव्हा चंद्रशेखरांना पंधरावे वर्षही पुरे झाले नव्हते. तरी त्या वयातही ते चळवळीत सामील झाले. पुढे त्यांनी नागपुरास वकिली केली आणि १९७२ साली ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

त्यांच्या खऱ्या कसोटीचा काळ लवकरच आला. जून १९७५ मध्ये देशात आणीबाणी जाहीर झाली. अनेक माणसे चौकशीवाचून तुरुंगात डांबली गेली. त्यांची दाद न्यायालयांनी ऐकूच नये, असे सरकारचे म्हणणे होते. धर्माधिकारी यांनी ते मानले नाही. अटकेचा हुकूम कायद्यास धरून आहे की नाही, एवढे तरी न्यायालयाने पाहिलेच पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. देशातील आणखी काही उच्च न्यायालयांनीही असाच कौल दिला. परंतु एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने हे सर्व निकाल फिरविले. निकाल फिरला म्हणून त्यातील विचार मात्र खोटा ठरला नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्याच नऊ न्यायाधीशांच्या पीठाने १९७६ चा तो निर्णय चुकीचा असल्याचे जाहीर केले. सत्याला कधी कधी चाळीस वर्षे वाट पाहावी लागते!

१९८९ साली धर्माधिकारी निवृत्त झाले. परंतु विश्रांती त्यांनी घेतली नाही. ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्ह्यातील) डहाणू तालुका म्हणजे वारली आदिवासींची आणि चिकूच्या बागांची भूमी. तिच्या रक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ साली एक प्राधिकरण नेमण्यात आले. त्याचे अध्यक्षपद धर्माधिकारी यांनी दीर्घकाळ सांभाळले. तेथील औष्णिक वीजकेंद्राच्या धुरातील गंधकवायू रोखणारी यंत्रणा बसविण्यास प्राधिकरणाने कंपनीला भाग पाडले. १९९८ साली वाढवण येथील बंदराच्या योजनेसही त्याने मनाई केली. वीज हवी, व्यापारही हवा; परंतु त्यांची किंमत ज्याला मोजावी लागते, त्या कोळ्याचे आणि बागाईतदाराचे म्हणणे आधी ऐकले पाहिजे, हे या कामाचे मर्म होते.

तरुणांविषयी त्यांना विशेष आस्था होती. वर्ध्याच्या गांधी विचार परिषदेचे ते अध्यक्ष होते. देशोदेशींचे तरुण तेथे गांधीविचाराचा अभ्यास करण्यास येत. २००३ साली भारत सरकारने त्यांना ‘पद्मभूषण’ देऊन गौरविले. ३ जानेवारी २०१९ रोजी नागपूर येथे त्यांचे निधन झाले.

न्यायाधीशाचा अधिकार निवृत्तीच्या दिवशी संपतो. दोन्ही बाजू शांतपणे ऐकण्याची आणि दुबळ्याच्या बाजूचे सत्य निर्भयपणे सांगण्याची सवय मात्र संपत नाही. ही सवय अंगी बाणविण्यासाठी न्यायासनाची गरज नाही. ती शाळेच्या वर्गात आणि गावाच्या चावडीवरही लावून घेता येते.

अभ्यास
१. आणीबाणीत धर्माधिकारी यांनी कोणती भूमिका घेतली? ती पुढे कशी खरी ठरली?
२. डहाणूच्या प्राधिकरणाने कोणती दोन कामे केली?
३. तुमच्या गावातील एखादा तंटा सामोपचाराने कसा मिटला, ते वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळींत लिहा.