अंगावर उठलं ते गोळीचं होतं

चेहऱ्याच्या उजव्या बाजूला विजेसारखी कळ जायची. दात घासताना, चूळ भरताना, कधी नुसता पंख्याचा वारा लागला तरी. दातांच्या डॉक्टरांनी दाढा ठीक असल्याचं सांगितलं. मग मेंदूविकारतज्ज्ञांनी ‘ट्रायजेमिनल न्यूराल्जिया’ असं निदान करून कार्बामाझेपिनची गोळी सुरू केली. तिने कळ थांबली, हे आधी सांगायला हवं. या दुखण्यावर पहिल्यांदा हेच औषध देतात आणि बहुतेकांना ते सोसतं.

मला सोसलं नाही. पण ते लगेच कळलं नाही. गोळी सुरू होऊन पंधरवडा उलटून गेल्यावर ताप आला, घसा धरला, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागलं. मग छातीवर आणि दंडांवर लाल-जांभळे डाग उठले. खाज थोडी, आग मात्र भयंकर; पदर लागला तरी सहन होईना. घरात सगळ्यांचं एकमत झालं, उष्णता! सासूबाईंनी सब्जा भिजत घातला, शेजारच्या काकू कडुलिंबाचा पाला घेऊन आल्या. जवळच्या दवाखान्यात गोवराचा संशय घेऊन आणखी दोन गोळ्या दिल्या. आधीपासून काय चालू आहे, हे तिथे कुणी विचारलं नाही. त्याचा राग मला अजून येतो.

तोंड आलं, ओठ सोलवटले, पाण्याचा घोटही उतरेना, तेव्हा मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथल्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंचा पहिलाच प्रश्न होता, “गेल्या दोन महिन्यांत नवीन कुठलं औषध सुरू झालं?” ह्यांनी औषधांची पिशवी टेबलावर उपडी केली. त्यात कात्रीने कापलेले पाकिटांचे तुकडे, काहींवर तर औषधाचं नावच उरलं नव्हतं. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या बघून एकेक गोळी जुळवावी लागली. मग बाईंनी माझ्या दंडावर, डागाच्या शेजारी बोट टेकवून हलकेच सरकवलं. वरचा पापुद्रा बोटाबरोबर सरकला. “ही गोळी आत्तापासून बंद,” त्या म्हणाल्या, “आणि तुम्ही अॅडमिट व्हा.”

स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम. १९२२ साली दोन अमेरिकन डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं, त्यांचीच नावं त्याला मिळाली. कातडी शरीराच्या १० टक्क्यांहून कमी भागावर सुटली तर हे नाव. ३० टक्क्यांच्या वर गेली तर टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस. त्यात भाजलेल्या माणसासारखी शुश्रूषा लागते आणि जीवही जातो. मी वाचले. डोळे मात्र कोरडे राहिले, थेंब आजही घालावे लागतात.

औषधाचं पुरळ ओळखू येत नाही ते वेळेमुळे. साधं, खाजरं पुरळ बहुधा चौथ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान येतं आणि औषध थांबवलं की ओसरतं. माझ्यासारखं गंभीर पुरळ चार दिवसांपासून चार आठवड्यांपर्यंत कधीही उठतं. आणखी एका प्रकारात चेहरा सुजतो, गाठी येतात, यकृताला बाधा होते. तो तर दोन ते आठ आठवड्यांनी उगवतो. म्हणून काल घेतलेल्या गोळीवर बोट ठेवून थांबू नका, मागच्या दोन महिन्यांचा हिशेब काढा. अपस्माराच्या गोळ्या, युरिक अॅसिडवरचं अॅलोप्युरिनॉल आणि सल्फाची औषधं यांच्याकडे आधी बघा.

पुरळाबरोबर ताप असेल, डोळे लाल झाले असतील, तोंडात किंवा लघवीच्या जागी फोड आले असतील, कातडी दुखत असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. संशयाचं औषध जितक्या लवकर थांबतं तितका जीव वाचण्याचा संभव वाढतो. फक्त फिटच्या गोळ्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय बंद करू नका, एकदम थांबवल्या तर झटके येतात. बोलायचं मात्र त्याच दिवशी.

माझ्या भाच्याचं प्रकरण सौम्य आहे, पण बोलकं आहे. जुलाब लागले की तो मेडिकलमधून ऑफ्लोक्सासिन-ऑर्निडाझोलची गोळी आणायचा आणि दरवेळी ओठाच्या त्याच कोपऱ्यावर काळसर डाग उठायचा. डाग ठरावीक जागीच परततो, ही या प्रकाराची खूण. तो मलम बदलत राहिला. चिठ्ठीशिवाय अशी गोळी विकणं थांबलं पाहिजे, असं मला कळकळीने वाटतं.

गोळ्यांची पाकिटं कापून घेतलीत तरी नाव असलेला तुकडा आणि सुरू केल्याची तारीख जपून ठेवा. माझ्या पर्समध्ये एक कार्ड असतं. त्यावर कार्बामाझेपिनसोबत फिनाइटॉइन, फिनोबार्बिटोन आणि ऑक्सकार्बाझेपिनही लिहिलेलं आहे, कारण ही एकाच घराण्यातली औषधं आहेत. एचएलए-बी १५:०२ हे जनुक असलेल्यांना कार्बामाझेपिनचा हा धोका फार वाढतो. ते आशियाई लोकांत जास्त आढळतं आणि रक्ताच्या तपासणीत कळतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००७ मध्येच आशियाई वंशाच्या रुग्णांची गोळीआधी ही तपासणी करायला सांगितलं. जनुक वारशाने येतं, म्हणून माझ्या भावंडांना आणि मुलीला मी हे सांगून ठेवलंय; ही गोळी लिहून दिलीच तर त्यांनी आधी तपासणीचं विचारायचं. औषधाची अशी बाधा झाली तर रुग्ण स्वतःही कळवू शकतो. गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाचा त्यासाठीचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे.