पाळणा लांबवण्याचा जमाखर्च

गावातला रस्ता मंजूर होतो, कारण त्याचं अंदाजपत्रक तयार असतं. उपकेंद्रातल्या गर्भनिरोधक सेवेचं अंदाजपत्रक मात्र कुणी करत नाही. त्याला दोन आठवडे पुरतात. सोबत आशाताई आणि सिस्टर हव्यात.

आधी साठ्याची नोंदवही उघडा. निरोध, माला-एन, छाया, अंतरा, कॉपर-टी ही साधनं सरकारकडून मोफत येतात, तेव्हा त्यांच्यासाठी पैसे मागायचे नाहीत. गेल्या 12 महिन्यांत कोणतं साधन किती दिवस संपलेलं होतं, ते लिहून घ्या. मग खोली पाहा. दाराला कडी आहे का? पडदा, तपासणीचं टेबल, दिवा, नळाला पाणी? अंतराचं इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यावं लागतं. साठा नाही म्हणून परत गेलेली बाई पुन्हा मजुरी बुडवून येईलच असं नाही. उणिवांची ही यादी म्हणजेच खर्चाची बाजू. टेबल दहा वर्षं टिकणार असेल, तर किमतीचा दहावा हिस्सा यंदाच्या खर्चात धरा.

आता बचत. इथे घाई नको. नको असताना दिवस गेले तेव्हा घराला काय खर्च आला, हे आशाताईंमार्फत विचारा: गाडीभाडं, सोनोग्राफी, औषधं, बाईची आणि सोबत गेलेल्याची बुडालेली मजुरी. नाव, वाडी, वय काहीही टिपू नका. लहान गावात दोन खुणांवरून बाई ओळखू येते. सरासरी काढली की कच्चे कागद फाडून टाका.

ही सरासरी साधन वापरणाऱ्या सगळ्या बायकांच्या संख्येने गुणली, की हिशेब फसतो. प्रत्येकीला दिवस गेलेच असते असं नाही, आणि पुढे ढकललेलं बाळंतपण म्हणजे टळलेलं बाळंतपण नव्हे. समजा, 40 जणींनी साधन सुरू केलं आणि 28 जणींनी ते वर्षभर टिकवलं. त्यांतल्या 6 जणींना एरवी दिवस गेले असते, आणि त्या सहांपैकी चौघींना आणखी मूल नकोच होतं. मग पूर्ण बचत चौघींचीच धरा. उरलेल्या दोघींचा खर्च पुढे येणारच आहे. इतकं कापूनही बचत खर्चापेक्षा जास्त उरली, तर तो आकडा ग्रामसभेत कुणाला खोडता येणार नाही.

मग ही बचत कुणाच्या खिशात पडते ते पाहा. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य संस्थेने 2018 मध्ये मांडलं, की गर्भनिरोधनावरच्या 1 पौंडामागे 10 वर्षांत सरकारचे 9 पौंड वाचतात. तो आकडा आपल्या कागदावर उचलू नका. इथे खासगी दवाखान्याचं बिल घरच भरतं. घर, सरकारी दवाखाना, ग्रामपंचायत असे तीन रकाने करा. पंचायतीचा जवळजवळ रिकामा राहील. राहू द्या. वाचणारा पैसा बाईच्या घरचा आहे, म्हणूनच ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातल्या महिला-बालकल्याणाच्या 10 टक्के निधीतून मागणी करायची.

नसबंदी शस्त्रक्रियांचं उद्दिष्ट कागदात कुठेही नको. केंद्राने उद्दिष्टांची पद्धत 1996 मध्ये सोडली, तरी 2014 मध्ये बिलासपूरला शिबिरांतल्या शस्त्रक्रियांनंतर डझनभर बायका दगावल्या. पुरुष नसबंदीची माहिती मात्र जरूर ठेवा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्री-नसबंदी 37.9 टक्के आहे आणि पुरुषांची 0.3.

कागद आधी महिला ग्रामसभेत सिस्टरकडून वाचून घ्या, मग ग्रामसभेत न्या. ठरावात रक्कम, निधीचं नाव आणि दर तीन महिन्यांनी साठ्याची नोंदवही कोण तपासणार, हे लिहून घेतल्याशिवाय उठू नका.