बारामती ते सणसर

संत तुकाराम महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून पंढरपुरास निघते. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी इ. स. १६८५ मध्ये हा पालखी सोहळा सुरू केला. सुमारे अडीचशे किलोमीटरांची ही वाट वारकरी पायी चालतात. बारामतीचा मुक्काम आटोपला, की पुढचा मुक्काम इंदापूर तालुक्यातील सणसर येथे असतो.

असेच एकदा पहाटे कऱ्हाकाठच्या बारामतीत टाळ वाजू लागले. दिंड्यांचे सामान ट्रकमध्ये चढू लागले. परंतु एका वृद्ध वारकऱ्याने आपले गाठोडे त्यात ठेवले नाही. आदल्या दिवशी तो पावसात भिजला होता आणि सामानाचा ट्रक उशिरा आल्याने रात्री कुडकुडत बसला होता. म्हणून आज घोंगडी, धोतरजोडी, तांब्या, गाथा आणि शिदोरी असे सर्व त्याने खांद्यावर घेतले.

त्याची दिंडी रथाच्या पुढे चालणारी होती. थोडे अंतर गेल्यावर ऊन तापले. ओझ्याने खांदा भरून आला, टाचेला फोड आला. दिंडी पुढे निघून गेली आणि तो रस्त्याच्या कडेने एकटाच चालू लागला. एका जीपवाल्याने हाक दिली, "माउली, गाडीत बसा!" वृद्धाने हात जोडले. "अजून पाय चालताहेत, माउली," एवढेच तो म्हणाला.

काटेवाडीत पालखीने त्याला गाठले. परीट मंडळींनी पालखीच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या अंथरल्या होत्या. मग पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण धावले. वृद्ध एका लिंबाखाली टेकला. वारकऱ्यांच्या पायांना तेल लावणारा एक शाळकरी मुलगा त्याच्याजवळ आला. फोड पाहून त्याने टाच हलकेच पुसली. मग गाठोडे बाजूला सरकवताना तो थबकला.

"आजोबा, यात दगड भरले आहेत काय?"

त्याने गाठ सोडली. घोंगडी आणि धोतरे कालच्या पावसाने अजून ओलीच होती. वृद्ध सकाळपासून पाणीच वाहत होता! दोघांनी ते कपडे कुंपणावर वाळत घातले. दुपारी गाठोडे पुन्हा बांधले, तेव्हा ते निम्म्याने हलके झाले होते.

पुढे कालव्याच्या पाण्यावर वाढलेले उसाचे हिरवे मळे लागले. आता वृद्धाने दिंडी गाठण्याची घाई केली नाही. दिसेल त्या झाडाखाली तो थोडा विसावे आणि पुन्हा चालू लागे. सायंकाळी पावसाची सर आली. त्याने कोरड्या घोंगडीची खोळ डोक्यावर घेतली.

सणसरला पोहोचेपर्यंत अंधार पडला. हजारो लोकांत आपली राहुटी कशी सापडावी? त्याने दिंडीचा क्रमांक सांगितला, तेव्हा एका स्वयंसेवकाने वाट दाखविली. इतक्यात त्याच्या दिंडीतील दोघे विजेरी घेऊन त्यालाच शोधत येताना दिसले. राहुटीत त्याच्यासाठी भाकरी झाकून ठेवलेली होती.

दुसऱ्या दिवशी बेलवडीचे गोल रिंगण होते. निघताना वृद्धाने गाठोडे ट्रकमध्ये ठेवले. गाथा, तांब्या आणि एक कोरडे धोतर एवढेच त्याने खांद्यावर घेतले.

स्वाध्याय
१. वृद्धाने आपले गाठोडे ट्रकमध्ये का ठेवले नाही?
२. काटेवाडीत गाठोडे हलके कसे झाले?
३. लांबच्या पायी प्रवासास निघताना तुम्ही बरोबर काय घ्याल व काय ठेवून जाल? सकारण लिहा.