परतीची गाडी आधी बघ

अक्कलकुवा, जि. नंदुरबार
आषाढ वद्य

चि. भाचीबाईस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप पोचला. श्रावणातल्या एका रविवारी तुम्हा मैत्रिणींना मुंबईबाहेर पडायचं आहे, रेल्वेनेच जायचं आहे आणि वसतिगृहाचं दार बंद व्हायच्या आत परतायचं आहे. एकीला माथेरान हवं, दुसरीला लोणावळा, तिसरीला कोकण. तू मात्र कुणाचीच बाजू न घेता प्रकरण मामाकडे पाठवलंस. ज्या तालुक्यात रेल्वेचा रूळ नाही, जिथून गाडी पकडायला तळोद्यावरून तापी ओलांडून नंदुरबार गाठावं लागतं, तिथल्या माणसाला गाड्यांचा सल्ला विचारायचा म्हणजे गंमतच. पण माझी निम्मी नोकरी इगतपुरी तालुक्यातल्या शाळांवर गेली आणि रजेला घरी येताना-जाताना घाटातल्या गाड्या पुष्कळ पाहिल्या, एवढ्या भांडवलावर लिहितो.

ठिकाणाचं नाव ठरवण्याआधी एक गोष्ट ठरवा. तुम्हाला जे बघायचं आहे ते गाडीत बसून बघायचं की गाडीतून उतरून? लोक हा प्रश्न विचारत नाहीत, म्हणून दिवसभराची दमणूक करून घेतात. काही वाटा अशा आहेत की सगळं वैभव खिडकीत असतं आणि उतरल्यावर फार काही करावं लागत नाही. काही ठिकाणं अशी की गाडी फक्त नेऊन सोडते, खरी सहल पुढे पायांनी करायची. एका दिवसात दोन्ही भरपूर मिळवू गेलं की दोन्ही अर्धवट राहतात.

आता तुमची यादी घेऊ.

माथेरान. तुमच्या यादीतली ही एकच रेल्वे निव्वळ हवा खायला जाणाऱ्यांसाठी घातलेली. सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा घातला, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी काम उभं केलं, आणि १९०७ मध्ये नेरळहून डोंगरावर गाडी चढली. रुळांमधलं अंतर जेमतेम दोन फूट, लांबी सुमारे २० किलोमीटर, वळणं अशी की पुढचं इंजिन मागच्या डब्यातून दिसतं. पोचायला दोन तासांहून अधिक लागतात आणि तेच तिचं सुख. पण तुमच्या मैत्रिणीला सांग की पावसाळ्यात नेरळ ते माथेरान ही गाडी बंद असते. चालू असते ती फक्त वरच्या टोकाला, अमन लॉज ते माथेरान एवढीच. नेरळहून अमन लॉजजवळच्या दस्तुरीपर्यंत टॅक्सीने जावं लागेल. म्हणजे ज्या गाडीसाठी जायचं तिचा शेवटचा घास तेवढा तोंडी लागणार. दिवाळीनंतर गाडी पुन्हा धावायला लागली की जा, आणि शक्यतो रविवार सोडून जा. डबे थोडे, गर्दी फार, तिकिटं हां हां म्हणता संपतात.

लोणावळा. बोरघाटाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. १८६३ मध्ये हा मार्ग खुला झाला. सुमारे २५ किलोमीटरांत साडेपाचशे मीटर चढायचं म्हणजे त्या काळी वेडेपणाच होता. चाळीस हजारांवर मजूर एकाच वेळी राबत होते, आणि पटकी-तापाने त्यांच्यातले किती गेले याचा धड हिशेबही कुणी ठेवला नाही. १८५९ मध्ये मजुरीवरून मजुरांनी उठाव केला आणि पहिल्या कंत्राटदाराने काम सोडलं. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल आला, तो हिंदुस्थानात पाय ठेवल्यावर थोड्याच आठवड्यांत वारला. मग त्याची बायको ॲलिस हिने कंत्राट आपल्या नावावर चालवलं आणि दोन इंजिनिअरांच्या हाताने काम तडीला नेलं. कर्जतहून खंडाळ्याला चढताना हे आठवून बोगदे मोजा. या मार्गावरच्या काही गाड्यांना आता काचेच्या मोठ्या खिडक्यांचा व्हिस्टाडोम डबा लागतो; तिकीट महाग, पण एकदा बसण्यासारखा.

तरीही श्रावणातल्या रविवारी तुम्ही लोणावळ्याला जाऊ नये असंच मी म्हणेन. घाट अर्ध्या-पाऊण तासात संपतो आणि उरलेला दिवस अख्खी मुंबई आणि अख्खं पुणं एकमेकांच्या खांद्यावरून भुशी धरण बघत असतं. ३० जून २०२४ ला, रविवारीच, त्या धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. पाण्याच्या लोंढ्याबद्दल तुला मी काय सांगू? आपल्या देवगोई घाटात नाल्याला पाणी कसं येतं ते तू लहानपणापासून पाहिलं आहेस. वर मोलगीकडे पाऊस झाला की खाली कोरडं असतानाही नाला फुगतो. शहरातल्या मुलींना हे ठाऊक नसतं. पाण्यात उतरायचा हट्ट झाला तर तिथे तू कडक हो. एरवी गप्प बसलीस तरी चालेल.

कोकण. कोकण रेल्वे १९९८ च्या जानेवारीत पूर्ण मार्गाने सुरू झाली आणि तिच्यासारखी वाट आपल्या राज्यात दुसरी नाही, हे मी घाटावरचा असूनही मान्य करतो. साडेसहा किलोमीटरांचा करबुडे बोगदा, रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल, मधूनच खाडी, मधूनच सुपारीच्या बागा. पण पावसाळ्यात दरडींच्या भीतीने तिथे गाड्यांचा वेग कमी करतात आणि वेळापत्रकच वेगळं लावतात. चिपळूण गाठण्यातच बराच वेळ जातो. करबुडे आणि पानवल तर त्याच्याही पुढे. एका दिवसात कोकण उरकणं म्हणजे पंगतीत बसून फक्त मीठ-लिंबू चाखून उठणं. दोन रात्री हाताशी असतील, कुणा मैत्रिणीचं तिकडे घर असेल, तेव्हा जा.

यादीत नसलेलं एक नाव मी घालतो, ते थंडीसाठी: डहाणू. पश्चिम मार्गावरची लोकल २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत जाते. वैतरणेचा पूल, मिठागरं, पुढे ताडांच्या रांगा आणि घोलवडच्या चिकूच्या वाड्या. त्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. बोर्डीचा किनारा सपाट आणि लांबच लांब. खर्च सगळ्यात कमी. महिनाअखेरीला जायला ही सहल उत्तम. पावसात मात्र समुद्र लांबूनच बघावा, त्यासाठी इतक्या दूर जायचं कारण नाही.

मग श्रावणातल्या रविवारी कुठे? माझं उत्तर इगतपुरी. मी तिथे राहिलो म्हणून सांगत नाही, कारणं ऐक.

पहिलं कारण घाट. कसारा ते इगतपुरी हा थळघाट १ जानेवारी १८६५ ला खुला झाला. अंतर पंधरा किलोमीटरांच्या आतबाहेर आणि चढ सुमारे ३०० मीटरांचा. मुंबईच्या लोकांना डोंगर दिसावेत म्हणून कुणी हा खर्च केला नव्हता. खानदेश-वऱ्हाडचा कापूस बंदरावर लवकर उतरावा, ही खरी घाई होती. आपल्या भागातला कापूस ज्या वाटेने मुंबईला गेला ती वाट तू एकदा दिवसाउजेडी बघावीस, हा माझा त्यात थोडा स्वार्थ. तुझ्या मैत्रिणींना धबधबे दिसतील, तुला त्यामागचं गणितही दिसायला हवं. एसटी देवगोईचा घाट नागमोडी वळणांनी चढते. रेल्वेला तशी वळणं घेता येत नाहीत आणि तसा चढही झेपत नाही. ३७ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, हा तिथला सगळ्यात खडा चढ, आणि तेवढ्यालाही बहुतेक गाड्यांना कसाऱ्याला मागून जास्तीची इंजिनं लावावी लागतात. त्यांना बँकर म्हणतात. ती लागताना गाडीला बसणारा हलका धक्का लक्ष देऊन अनुभव. उतरणाऱ्या गाडीची शिस्त तर याहून कडक. वेग अगदी बेताचा, आणि ठरलेल्या जागी गाडीने आधी पूर्ण थांबून दाखवायचं. ब्रेक निकामी होऊन गाडी सुटलीच, तर ती चढाच्या आडमार्गावर जाऊन आपोआप थांबावी अशी सोय केलेली असते. त्याला कॅच सायडिंग म्हणतात. खिडकीतून डोंगरात घुसून संपणारा एखादा रूळ दिसला तर तो वाया गेलेला समजू नका.

दुसरं कारण वेळ. मुंबईकरांची अडचण अशी की नावाजलेल्या गाड्या त्यांच्या सोयीच्या नाहीत. १९३० मध्ये सुरू झालेली डेक्कन क्वीन सकाळी पुण्याहून मुंबईला येते आणि संध्याकाळी परत जाते. नाशिककडून येणाऱ्या पंचवटी एक्स्प्रेसचंही तसंच. त्या गाड्या मुंबईत कामाला येणाऱ्यांसाठी आहेत. तुम्हाला उलटी जोडी हवी. तपोवन एक्स्प्रेस सकाळी लवकर मुंबईहून निघते, नाश्त्याच्या वेळेला इगतपुरीला सोडते आणि तिचीच जोडीची गाडी नांदेडहून येऊन संध्याकाळी परत नेते. मधे अख्खा दिवस मोकळा. परतताना अंधार पडलेला असेल, म्हणून घाट जातानाच डोळे भरून बघून घ्या. घाटात कुणी झोपलं तर उठवायचं, ही जबाबदारी तुझी.

तिसरं कारण, उतरल्यावर धावपळ नाही. स्टेशनबाहेर चहा-वडा घ्या, रिक्षाने घाटनदेवीला जा. देवळामागे दरी उघडते. हवेने साथ दिली तर समोरचे कडे दिसतील, नाहीतर धुकं दिसेल, तेही चांगलंच असतं. आजूबाजूला भाताची आवणी चालू असेल किंवा नुकती उरकलेली असेल. रस्त्याच्या कडेने चाला, कुणाच्या बांधावर फोटोसाठी चढू नका. ती रोपं कुणीतरी पाठ वाकवून लावलेली असतात, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. गावातच धम्मगिरी हे विपश्यनेचं मोठं केंद्र आहे. तिथे शिबिरं चालू असतात, आत मौन असतं. बाहेर उभं राहून मोठ्याने हसू-बोलू नका.

आता व्यवहाराच्या गोष्टी, कारण सहली इथेच फसतात. दिवसाची आखणी परतीच्या गाडीपासून उलटी करत या. कितीला वसतिगृहात पोचायचं, त्यासाठी कोणती गाडी हवी, ती चुकली तर पुढची कोणती, हे कागदावर लिहा. वेळा बदलतात, म्हणून आदल्या रात्री बघून घ्या. रविवारी मेगाब्लॉक असतो, त्याची जाहिरात शनिवारीच येते, ती वाचल्याशिवाय झोपू नका. सेकंड सिटिंगचं आरक्षण दोन्ही वेळेचं आधी करा. लोकलचा पास एक्स्प्रेसला चालत नाही, ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे तपासनीस ऐकून घेणार नाही. लोकल कसाऱ्यापर्यंतच येते, ती घाट चढत नाही. पण हीच तुमची अडीअडचणीची सोयही आहे. संध्याकाळची गाडी फारच रखडली तर इगतपुरीहून सीटच्या हिशेबाने जाणारी टॅक्सी घेऊन कसारा गाठायचं आणि लोकल पकडायची. त्यासाठी थोडे पैसे प्रत्येकीने वेगळे ठेवा.

आणि एक गोष्ट मामा म्हणून बजावतो. घाटात गाडी सिग्नलला थांबली की तरुण मंडळी धबधब्याकडे उड्या टाकतात, रुळांवरून चालत रील काढतात. रुळांवर फिरणं रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, पण कायद्यापेक्षा मोठं कारण असं की तिथे तीन मार्ग आहेत, बोगदे आहेत आणि पावसात मागून येणारी गाडी ऐकू येत नाही. दारात उभं राहायचं नाही. खिडकीतून जे दिसेल ते आपलं, बाकीचं सोडून द्यायचं.

शेवटी तुझ्यापुरतं. घरी येताना तू नेहमी रात्रीची गाडी धरतेस. सुरतेहून तापी खोऱ्यातून येणारा आपला मार्ग तू झोपेतच ओलांडतेस. व्यारा, उकाई-सोनगड, मग नवापूर. त्या स्टेशनाचा निम्मा फलाट गुजरातेत आणि निम्मा महाराष्ट्रात, एका बाकड्यावर बसलेली दोन माणसं दोन राज्यांत. पुढे चिंचपाड्यापर्यंत पावसात जे हिरवं दिसतं ते कुठल्या सहलीच्या यादीत नसतं. येत्या दिवाळीला सुरतेपर्यंत रात्रीची गाडी घे आणि तिथून सकाळची धर. एवढं माझं ऐक.

तर निकाल असा: या श्रावणात इगतपुरी, थंडीत डहाणू, दिवाळीनंतर सवडीने माथेरान, दोन दिवसांची सुट्टी मिळेल तेव्हा कोकण, आणि लोणावळा कुठल्याही साध्या मंगळवारी. मैत्रिणींना हे वाचून दाखव. तरीही भांडण मिटलं नाही तर चिठ्ठ्या टाका, पण कोकणाची चिठ्ठी त्यात घालू नका. आरक्षण आजच कर आणि तिकीट निघाल्याचं मला कळव.

तुझा,
मामा