अल्पदृष्टि विद्यार्थ्यांची वर्गांतील जागा

ज्यास कमी दिसतें त्यास पहिल्या बांकावर बसवावें, हा शाळांतील जुना परिपाठ आहे. त्यामागील हेतु चांगला खरा; परंतु दृष्टीचें न्यून सर्वांचें सारखें नसतें, म्हणून एकच जागा सर्वांस सोयीची होत नाहीं. याचा आम्ही येथें थोडक्यांत विचार करूं.

प्रथम अंतर. फळ्यापासून ६ मीटरांवर बसलेला मुलगा ३ मीटरांवर आला, कीं तेंच अक्षर त्याच्या डोळ्यांस सुमारें दुप्पट मोठें दिसतें. ज्याची दृष्टि केवळ मंद आहे, त्यास पहिला बांक खरोखरच हितकर होय. परंतु कांहीं मुलांस नळींतून पाहावें तसें दिसतें. मधलें स्पष्ट, भोंवतालचें कांहींच नाहीं. असा मुलगा फळ्यास अगदीं लागून बसला, तर एका वेळीं दोनचार शब्दच त्याच्या नजरेंत मावतात. दोनतीन बांक मागें बसल्यास त्यास फळ्याचा अधिक भाग एकदम दिसतो.

ज्यास डाव्या डोळ्यानेंच दिसतें, त्यानें फळ्याकडे तोंड करून वर्गाच्या उजव्या बाजूस बसावें. म्हणजे फळा व सोबती दोन्ही त्याच्या चांगल्या डोळ्याकडे येतात. कोणाचे डोळे सारखे हालत असतात, आणि मान तिरपी केली कीं ते कांहींसे स्थिरावतात. त्यास “नीट समोर बघ” म्हणून दरडावणें म्हणजे आंधळ्याच्या हातची काठी हिसकावून घेणें होय.

प्रकाशाचेंही तसेंच. जन्मतः अंगांत रंगद्रव्य कमी असलेल्या मुलांचे डोळे उजेडानें दिपतात. त्यांचें तोंड खिडकीकडे नसावें. शिक्षकांनींही खिडकीस पाठ देऊन उभें राहूं नये, कारण त्यांचा चेहरा काळोखांत जातो.

पूर्ण अंध विद्यार्थ्यास फळ्याचें अंतर महत्त्वाचें नाहीं. ब्रेलचीं पुस्तकें मोठीं असतात, म्हणून त्यास रुंद मेज हवें. शिक्षकांचा आवाज स्वच्छ ऐकूं येईल आणि दारापर्यंतची वाट मोकळी राहील अशी जागा हवी. बांक हलविले तर तें त्यास आधीं सांगावें, आणि फळ्यावर लिहिलेलें प्रत्येक वाक्य मोठ्यानें वाचावें.

मग जागा ठरवावी कशी? फळ्यावर एक ओळ लिहून मुलास तीनचार ठिकाणांहून ती वाचावयास लावावी. सकाळीं एकदां आणि दुपारीं एकदां, कारण ऊन फिरतें. कोठून बरें दिसतें हें त्यासच विचारावें. २०१६ सालच्या दिव्यांग हक्क कायद्यानें प्रत्येक विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणें वाजवी सोय करणें हें शाळेचें कर्तव्य ठरविलें आहे. तेव्हां ही मागणी म्हणजे कोणाच्या दयेची याचना नव्हे.

पालकांस आमची विनंति कीं, मूल वही डोळ्यांशीं धरीत असेल, फळा सोडून शेजाऱ्याच्या वहींतून उतरवीत असेल, तर त्यास ढ म्हणण्यापूर्वीं त्याचे डोळे तपासून घ्यावे व जें कळेल तें वर्गशिक्षकांस सांगावें. आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस दिसत नसेल तर संकोच न धरितां बोला. सोबत्यानें तुमची जागा मागितली तर आनंदानें उठा. तुमच्यापाशीं ती केवळ बसावयाची जागा असते. त्याच्यापाशीं तोच सबंध धडा असतो.