वही ताईंची आहे

चि. ऋता हिस,


ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी अभ्यासवर्ग चालवणाऱ्या संस्थेनं नोंदींचा डेटाबेस बांधायचं काम तुझ्याकडे दिलंय, असं तुझ्या आईनं सांगितलं. याच कामात माझी हयात गेली, म्हणून तू न विचारताच लिहायला बसले. प्रोग्रॅमिंग तुला येतंच. मला बोलायचंय ते त्या मुलांबद्दल आणि त्यांना शिकवणाऱ्या ताईंबद्दल.

देणगीदाराच्या अहवालापासून सुरुवात करू नकोस. तुझ्यासमोर पहिल्यांदा तोच कागद ठेवतील: मुलं किती, मुली किती, हजेरी किती टक्के. त्यावरून रकाने आखलेस तर अहवाल झटपट निघतील, पण वर्ग घेणाऱ्या ताईंच्या हाती काही लागणार नाही. जी नोंद आपल्या उपयोगाची नाही ती माणूस महिनाअखेरीला एका बैठकीत उरकतो, आणि तसल्या आकड्यांवर कितीही सुंदर आलेख काढलेस तरी ते खोटेच. त्याऐवजी एकदा संस्थेच्या बीडकडच्या वर्गावर जा, मागे बस आणि ताईंची वही बघायला माग. हजेरीच्या खुणा चाळ, पण समासात काय लिहिलंय ते नीट वाच. ‘आजीकडे’. ‘शेळ्यांमागे’. ‘धाकट्याला सांभाळते’. ‘कारखान्यावर, पाडव्याला येईल’. तुझ्या डेटाबेसचा आराखडा त्या समासातून निघाला पाहिजे.

कारखान्यावर म्हणजे काय, हे तुला पक्कं ठाऊक हवं. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या साखर कारखान्यांसाठी ऊस तोडायला निघतात. एका जोडप्याला एक कोयता म्हणतात. पोर बरोबर जातं, नाहीतर आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतं. हंगाम आटोपला की मार्च-एप्रिलमध्ये माणसं परततात. आता तू मुलाच्या नावापुढे ‘चालू’ आणि ‘बंद’ एवढंच ठेवलंस, तर हे पोर दर वर्षी नोव्हेंबरात गळतीत जाईल आणि एप्रिलमध्ये नवं म्हणून दाखल होईल. म्हणून मूल वेगळं ठेव आणि वर्गातला प्रवेश वेगळा. एका मुलाचे अनेक प्रवेश असू देत. प्रत्येकाला कधीपासून, कधीपर्यंत आणि का थांबला, हे हवंच. शिवाय आणखी एक तक्ता कर, जो बहुतेक ठिकाणी नसतो: मूल यायचं थांबल्यावर घरी कोण गेलं, कधी गेलं, काय कळलं. माझ्या मते सगळ्या डेटाबेसमध्ये मोलाचं असं हेच. सोमवारी सकाळी ताईंना तीन नावं दिसली पाहिजेत, ‘ही आठवडाभर आली नाहीत आणि यांच्याकडे अजून कुणी गेलेलं नाही’. एवढं साधलं तर ताई स्वतःहून नोंदी भरतील.

हजेरीत रिकामा चौकोन म्हणजे गैरहजर असं कधीही धरू नकोस. मूल आलं नाही, त्या दिवशी वर्गच भरला नाही, आणि वर्ग भरला पण नोंद राहिली, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यासाठी आधी वर्ग भरल्याची नोंद, मग तिच्याखाली मुलांची हजेरी. वर्ग भरला नसेल तर कारणासह तसं लिहिता आलं पाहिजे.

नावांकडे फार लक्ष दे. नाव देवनागरीतच ठेव. इंग्रजी अक्षरांत एकट्या ज्ञानेश्वरचेच चार ज्ञानेश्वर होतात. पण देवनागरीतही खोच आहे. ‘कुऱ्हाडे’मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो: कुणाचा कीबोर्ड खाली नुक्ता असलेल्या ऱपासून तो घडवतो, तर कुणाचा साध्या रला हलन्त देऊन पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घालतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, पण शोधायला गेलीस की एक सापडतो, दुसरा नाही. साठवण्याआधी सगळं एका रूपात आण. आईच्या नावाला स्वतंत्र रकाना ठेव. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांत मुलाच्या नावानंतर आधी आईचं आणि मग वडिलांचं नाव येतं. आणि तसंही, एका तांड्यावर नाव, वडिलांचं नाव, आडनाव सगळं सारखं असलेली दोन पोरं भेटली, तर ती आईच्या नावावरूनच ओळखता येतात.

नाव आणि जन्मतारीख जोडून ओळखक्रमांक मात्र करू नकोस. शाळेत घालताना तारीख माहीत नसली की १ जून लिहायची आपल्याकडची जुनी रीत. यादीत १ जूनच्या रांगाच्या रांगा दिसतील. मुलाला आपला, अर्थ नसलेला क्रमांक दे. शाळेच्या जनरल रजिस्टरचा आणि शिक्षण खात्याच्या ‘सरल’ प्रणालीतला क्रमांक बाजूला असू दे, पण ते नसले म्हणून मूल अडता कामा नये.

वाचनाची पातळी खोडून नवी लिहू नकोस. ‘प्रथम’ संस्थेची ‘असर’ पाहणी २००५ पासून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्या वापरते. त्या ताईंच्या सवयीच्या आहेत, त्याच घे. प्रत्येक चाचणी तारखेसह वेगळी ओळ. ऑक्टोबरात परिच्छेद वाचणारी मुलगी एप्रिलमध्ये शब्दांवर अडखळू लागली, तर ते दिसलं पाहिजे. हंगामानं तिचं काय नेलं, हे दुसरं कुठे लिहून ठेवलेलं नाही.

आधार क्रमांक मागू नकोस. जात, आजार, घरातलं भांडण, यांतलं जे खरोखर लागतं तेवढंच घे, आणि ते कोणाला दिसेल हे आधी ठरव. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालक आहे, आणि बालकाच्या माहितीला पालकांची संमती लागते. संमतीचा कागद पालकांना मराठीत वाचून दाखवायचा, नुसता अंगठा घ्यायचा नाही. मुलीचा पत्ता आणि फोटो एका फाइलीतून व्हॉट्सॲपवर फिरणं किती धोक्याचं आहे, हे तुला वेगळं सांगायला नको.

बाकीचं साधं ठेव. तांड्यावर नेटवर्क नसतं, त्यामुळे कागदी वही राहणारच. आठवड्यातून एकदा ती उतरवून घ्यायची सोय कर. कार्यालयात एसक्यूलाइटची एक फाइल आणि तिची रोजची दुसरी प्रत पुरेशी आहे. तू पुढे दुसरीकडे जाशील, तेव्हा हे कोण चालवणार त्या माणसाला पहिल्या दिवसापासून शेजारी बसव.

आता एक कर. पडद्याला हात लावण्याआधी तक्ते कागदावर काढ, ते दोन ताईंना दाखव आणि त्यांनी खोडलेला कागद मला पाठव. हे दसऱ्याच्या आत व्हायला हवं, कारण एकदा मुकादमाच्या गाड्या लागल्या की अर्धा वर्ग एका रात्रीत निघून जातो.

तुझी,
मावशी